जुन्या वॉशिंग मशीनची बटणं ऑनलाइन मागवताय? आधी हे वाचा

जुन्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या रंगीत बटणांचे सेट ‘ओरिजिनल, न वापरलेला स्टॉक’ म्हणून विकणाऱ्यांपासून सांभाळा. माझे ५,७७० रुपये गेलेत. सेटचे ३,८५०, कुरिअरचे ४२० आणि ‘पार्सल मिळालं की परत करतो’ म्हणून घेतलेलं १,५०० डिपॉझिट. असलं डिपॉझिट कधी परत येत नसतं, हे तुम्हाला सांगायला नको.

बटणांवर कुणी एवढे पैसे घालवतं का, असं घरच्यांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. आमचं मशीन नव्वदच्या दशकातलं, मोटर अजून ठणठणीत. आईला इंग्रजी वाचता येत नाही आणि आता नीट दिसतही नाही. ती मशीन रंगांवर चालवते. निळं धुवायला, पिवळं विसळायला, हिरवं पिळायला, लाल बंद. बटणांचा खटका तुटला आणि कंपनीने त्या मॉडेलचे भाग देणं कधीच थांबवलंय. मी काही हौसेखातर शोधत नव्हते.

खरं तर विकणाऱ्याने फोटो पाठवला तिथेच सगळं उघडं पडलं होतं. आमच्या बटणांचा रंग प्लास्टिकमध्येच मिसळलेला आहे, वरून फासलेला नाही. त्यामुळे आत जाणारा दांडाही त्याच रंगाचा. फोटोतल्या हिरव्या बटणाचा दांडा पांढरा होता. पांढरा! कोरलेल्या अक्षरांत रंग साचलेलाही दिसत होता. मी विचारलंसुद्धा. तर म्हणे, “ताई, तो फ्लॅशचा उजेड आहे. दोन गिऱ्हाइकं थांबलीत, पण तुमच्या आईसाठी ठेवलाय.” एक बटण दाबलं की आधीचं बाहेर येतं ना, त्या पट्टीबद्दल तो इतकं बारकाईने बोलला की कुणालाही जुना मेकॅनिकच वाटला असता. बटणाच्या पाठीमागचा फोटो मागा. टाळाटाळ केली तर नंबर ब्लॉक करा.

पार्सलमधलं हिरवं बटण नखाने खरवडलं तर रंगाचं सालपट निघालं, खाली पिवळट पडलेलं पांढरं प्लास्टिक. ती अडकवणारी पट्टी कापलेली, त्यामुळे दोन बटणं एकदम आत राहत होती. आमच्या मेकॅनिकने त्या सेटच्या स्विचला मीटर लावला तर करंट थेट वरच्या पत्र्यावर येत होता. ओल्या हाताने आईने दाबलं असतं तर? पैसे एकवेळ गेले म्हणून सोडून देता येतील, हे नाही. असा जुना स्विच तपासल्याशिवाय बसवू नका.

आता तक्रारीचं ऐका. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस चौकीत सांगितलं, पार्सल आलंय ना, मग ही फसवणूक नाही, दिवाणी बाब आहे. दगड भरून पाठवले असते तरी ‘पार्सल आलंय’च म्हणाले असते का? मग म्हणे माणूस परराज्यातला, आमची हद्द नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीचं जुनं ४२० आता न्याय संहितेत ३१८ झालंय. दोन्ही कलमं कागदावर लिहून नेली, तर साहेब म्हणाले, “मॅडम, वकील आहात का?” बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी साध्या कागदावर शिक्का मारून दिला. रक्कम लहान म्हणून हसणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, किती गेले की गुन्हा होतो?

पैसे गेल्या गेल्या १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पार्सलची वाट बघत बसू नका, मी बसले आणि त्याच्या खात्यातले पैसे तोवर पुढे सरकले होते. पक्कं बिल असेल तर ग्राहक आयोगात जा, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. बिल नाही म्हणाला तर व्यवहारच नको. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, वरचा पत्ता फाडू नका.

तो आता दुसऱ्या नावाने विकतोय, फोटो मात्र तेच आहेत: फुलाफुलांच्या मेणकापडावर मांडलेली चार बटणं, हिरव्याचा दांडा पांढरा.