बुटके सिक्लिड: जातींचा सचित्र कोश घ्यावा की प्रजननाची हातपुस्तिका?

बुटके सिक्लिड म्हणजे टाकीत पाळायचे छोटे मासे. त्यांच्यावरचं एकच पुस्तक परवडणार असेल, तर मी हातपुस्तिका घेईन.

कोशाचं बळ ओळख पटवण्यात आहे. एकट्या अ‍ॅपिस्टोग्रामा वंशात नव्वदच्या आसपास जाती. त्यातल्या कितीतरी माद्या इतक्या सारख्या दिसतात की चुकीची जोडी लागून संकर होतो, आणि ते मला खरंच सलतं. म्हणून कोश चाळताना मादीचे फोटो आहेत का ते आधी पाहा. पिल्लं सांभाळताना ती पिवळीधमक होते, काळे पट्टे गडद होतात. तो फोटो हवाच. नुसते ऐटबाज नर छापलेला कोश शोभेचा. शिवाय नावं जुनी होतात. रॅमिरेझी ही बुटक्या सिक्लिडची जात 1948 मध्ये अ‍ॅपिस्टोग्रामा म्हणून नोंदली गेली, आज ती मायक्रोजिओफेगस आहे.

हातपुस्तिकेतली माहिती इतक्या लवकर शिळी होत नाही. अ‍ॅपिस्टोग्रामा गुहेच्या छतावर अंडी चिकटवते, रॅमिरेझी उघड्या सपाट दगडावर. हे कळलं की टाकीची मांडणीच बदलते. सगळी पिल्लं नरच का निघाली, याचंही उत्तर तिथेच. अ‍ॅपिस्टोग्रामाच्या बऱ्याच जातींत पिल्लांच्या सुरुवातीच्या आठवड्यांत पाणी गरम असलं की नर वाढतात, काहींत पाण्याचा पीएचही (आम्लतेचं माप) फरक पाडतो. तापमान, पीएच आणि पिल्लांचा पहिला आहार यांवर स्वतंत्र प्रकरणं नसतील, तर ती हातपुस्तिका घेऊ नका.

मिश्र माद्यांचा लॉट हाती येणार असेल, तर मात्र आधी कोशच घ्या.