ई-कोडिसेस: मध्ययुगीन हस्तलिखितं ऑनलाइन बघायची असतील तर सुरुवात इथून करा

युरोपातली मध्ययुगीन हस्तलिखितं घरबसल्या बघायला आता जागा कमी नाहीत. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका आहे, व्हॅटिकनचं आहे, ऑक्सफर्डच्या बोडलियनचं आहे, केंब्रिजच्या पार्कर लायब्ररीची साइट तर २०१८ पासून सगळ्यांना फुकट झालीये. पण कुणी मला विचारलं की बाबा मला यातलं काहीच कळत नाही, लॅटिन येत नाही, कुठून सुरू करू, तर मी बेधडक स्वित्झर्लंडच्या ई-कोडिसेस या वेबसाइटचं नाव सांगते.

फ्रिबूर विद्यापीठाने २००५ मध्ये हे सुरू केलं. देशभरातल्या लहानमोठ्या ग्रंथालयांतली, मठांतली, खासगी संग्रहांतली अडीच हजारांहून जास्त हस्तलिखितं एका ठिकाणी आहेत. पैसे नाहीत, लॉगिन नाही, उघडा आणि बघत बसा.

माझं मन जिंकलं ते एका गोष्टीने, इथे पुस्तक अख्खं दाखवतात. बाकी बऱ्याच ठिकाणी सोन्याची चित्रं असलेली निवडक पानं पुढे करतात आणि मग आपल्याला वाटतं की त्या काळी सगळी पुस्तकं अशीच झगमगीत असायची. इथे वरचा पुठ्ठा, पुस्तकाची पाठ, सुरुवातीची कोरी पानं, डाग, सगळं जसंच्या तसं, आणि सोबत रंगपट्टी आणि मोजपट्टी, त्यामुळे समोरचं पुस्तक हातात मावणारं आहे की दोघांनी उचलायचं आहे हे लगेच कळतं. झूम केलं की चर्मपत्रावर जनावराच्या केसांची छिद्रंसुद्धा दिसतात, कातड्याला भोक असेल तर लेखनिकाने भोकाच्या अलीकडे अर्धा शब्द आणि पलीकडे अर्धा असं निवांत लिहून टाकलेलं दिसतं, चर्मपत्र महाग होतं, भोक पडलं म्हणून पान फेकून देत नसत.

पहिल्यांदा जाणार असाल तर सांक्ट गालेनच्या मठाचा संग्रह उघडा आणि त्यात १०९२ नंबर काढा. हा एका मठाचा आराखडा आहे, नवव्या शतकाच्या सुरुवातीचा, चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून केलेला, साधारण ११२ बाय ७७ सेंटिमीटर. लाल रेघांनी चर्च, भटारखाना, बिअर बनवायची जागा, कोंबड्यांचं खुराडं, आजाऱ्यांची खोली असं सगळं आखलंय, भाजीच्या वाफ्यांत कुठे काय लावायचं तेही लिहिलंय, आणि दफनभूमीत थडग्यांच्या मधे फळझाडं दाखवलीत, कुठलं झाड कुठे ते नावानिशी. आता मागची बाजू बघा. बाराव्या शतकात कुणीतरी त्या कोऱ्या बाजूवर संत मार्टिनचं चरित्र लिहिलं, आराखड्याची घडी घालून पुस्तकासारखं केलं, लिहिता लिहिता जागा संपली तेव्हा हा माणूस सरळ पुढच्या बाजूला आला आणि कोपऱ्यातली एक इमारत खरवडून तिथे शेवट लिहिला! ती खरवडलेली जागा मोठी करून बघा, मी कितीदा बघितली असेल पण अजून मन भरत नाही. असं काही छापील पुस्तकातल्या छोट्या फोटोत कधीच कळलं नसतं.

दुसरं म्हणजे त्याच संग्रहातलं ९०४ नंबरचं. दिसायला अगदी रुक्ष, लॅटिन व्याकरणाचं पुस्तक, नवव्या शतकातलं, चित्रं बघायला आलेला माणूस दोन पानांत बंद करेल. पण ते लिहिणारे आयरिश होते, आणि ओळींच्या मधे, समासात, मिळेल तिथे त्यांनी बारीक अक्षरात आपल्या भाषेत हजारो टिपा लिहून ठेवल्यात. पान ११२ वर तर चार ओळींची कविता आहे, आज रात्री वारा एवढा बेफाम सुटलाय की समुद्रातून येणाऱ्या उत्तरेकडच्या लुटारूंची भीती नाही, अशा अर्थाची. व्याकरण उतरवता उतरवता मधेच हे! वादळ आलं म्हणून जिवात जीव आलेला माणूस, हजारापेक्षा जास्त वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या ओळी आपण स्क्रीनवर बोटभर अंतरावरून बघतोय.

गाण्यातलं कळत असेल तर ३५९ पण बघाच, दहाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातलं, चर्चमध्ये एकट्याने गायच्या भागांचं. अजून रेघांवर स्वर लिहायची पद्धत आलेली नव्हती, शब्दांच्या वर नुसत्या वळणदार खुणा आहेत आणि त्यांच्या शेजारी इवलीशी अक्षरं, इथे भरभर गा, इथे थांबून गा.

आता अडचणी. वेबसाइट इंग्लिश, जर्मन, फ्रेंच, इटालियनमध्ये आहे, पण हस्तलिखितांची सविस्तर वर्णनं बरीचशी जर्मनमध्ये, सांक्ट गालेनची तर कितीतरी १८७५ च्या जुन्या सूचीतून घेतलेली, ती तज्ज्ञांसाठी लिहिलेली आहेत आणि नवख्याला त्यातून फारसं काही हाती लागत नाही. सुरुवातीचा छोटा परिचय वाचा, तेवढा पुरतो. शोध घेताना शतक, भाषा, ग्रंथालय असे फिल्टर लावता येतात, पण हस्तलिखिताच्या आतला एखादा शब्द शोधायचा म्हटलं तर ते बहुतेक जमत नाही, कारण आहेत ते फोटो. आणि मोबाइलवर कृपया बघू नका, एवढं सुंदर काम तळहाताएवढ्या स्क्रीनवर वाया जातं.

थोडं सरावल्यावर एक करून बघा. इथली हस्तलिखितं आयआयआयएफ (IIIF) नावाच्या, अनेक ग्रंथालयांत सारख्याच असलेल्या पद्धतीने उपलब्ध आहेत, म्हणजे मिराडोरसारख्या व्ह्यूअरमध्ये इथलं एक पान आणि दुसऱ्या देशातल्या ग्रंथालयातलं एक पान शेजारी शेजारी ठेवता येतं, अक्षरांची वळणं ताडून बघता येतात. पूर्वी यासाठी अभ्यासकांना प्रवास करावा लागायचा.

आणि आवडलेली पानं डाउनलोड करून ठेवत जा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा त्यांची डिजिटल हस्तलिखितं कितीतरी महिने बघताच येत नव्हती, तेव्हापासून मी हस्तलिखिताचा नंबर आणि पान असं नाव देऊन फोल्डर करून ठेवते.