वाचनालयाचा नाट्यविभाग: पावसाळाभर वापरून झाल्यावर

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर नाटक-संगीताचा वेगळा विभाग आहे हे आमच्या तालुक्यात कितीतरी जणांना माहीतच नाही. मी मंडळात पेटी वाजवते, यंदा माघी गणपतीत किर्लोस्करांचं संगीत सौभद्र करायचं ठरलं म्हणून जूनमध्ये मेंबर झाले आणि तेव्हापासून जाणं चालूच आहे, म्हणून आता जरा सविस्तर लिहिते.

छापील नाटकं भरपूर आहेत, किर्लोस्कर-देवल-खाडिलकरांपासून कालपरवाच्या एकांकिकांपर्यंत, पण खरं सांगू का, त्यासाठी एवढा जिना चढायची गरज नाही, ती इतरत्रही मिळतात. खरा माल आतल्या कपाटात. गावोगावच्या उत्सव मंडळांनी देऊन टाकलेल्या नकला, म्हणजे विंगेत प्रॉम्प्टर हातात धरायचा त्या वह्या. सौभद्र 1882 सालचं, त्यात मुळात शंभरावर पदं, सगळी घेतली तर कोंबडा आरवला तरी नाटक संपायचं नाही. मग कापायचं काय? पुस्तकात हे कुठे असणार, वहीत असतं. निळ्या पेन्सिलीने अख्खी पानं आडवी मारलेली, ठेवलेल्या पदाशेजारी समासात 'काळी चार' (म्हणजे पेटीची कुठली पट्टी धरून गायचं ते), मग ते खोडून वेगळ्या अक्षरात 'पांढरी चार' (नट बदलला असणार, नाहीतर त्याचाच आवाज बसला असणार), एके ठिकाणी 'बत्ती लहान करणे', आणि सुभद्रेच्या एंट्रीआधी 'लुगडे नेसण्यास वेळ लागतो, बलरामाने बोलणे वाढवावे'. मी तिथेच हसत सुटले, कारण आमच्या तालमीत अगदी हीच बोंब चालली होती. आमची काटछाट शेवटी अशा दोन वह्या शेजारी ठेवूनच केली.

या वह्या घरी मिळत नाहीत, झेरॉक्सही नाही, फ्लॅश बंद करून मोबाईलवर फोटो काढू देतात. तिथले काका दर वेळी एकच वाक्य म्हणतात, "पानां सावकाश परता हां, कोपरे तुटतत." सुरुवातीला वैताग येतो पण कागद हातात घेतला की कळतं.

जुन्या ग्रामोफोन तबकड्यांचा संग्रह चांगला आहे. मूळ तबकडी लावून देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, लाखेची असते, स्टीलची सुई दर वेळी थोडी घासतेच. कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलंय, हेडफोन लावून ऐकायचं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, एवढ्यात गायकाला सगळं आटपावं लागायचं. रंगमंचावर तेच पद वन्समोरवर वन्समोर घेत कितीही लांबायचं. म्हणजे आमची पोरं यूट्यूबवरून जी तान जशीच्या तशी घोटतात ती बरेचदा घड्याळाकडे बघून घेतलेली तान आहे! मी आता त्यांना एकच पद दोन-तीन वेगवेगळ्या गायकांचं ऐकायला लावते, फरक आपोआप पडतो.

रत्नागिरीचा म्हणून एक कप्पा वेगळा ठेवलाय तो आवडला. सावरकरांनी रत्नागिरीत स्थानबद्ध असताना लिहिलेली उःशाप आणि संन्यस्त खड्ग ही संगीत नाटकं त्यात आहेत. संन्यस्त खड्ग 1931 मध्ये मास्टर दीनानाथांच्या बलवंत कंपनीने रंगभूमीवर आणलं, त्या पदांच्या चाली गायक रामकृष्णबुवा वझे यांच्या.

दशावताराचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचं, कपाट बघून मात्र वाईट वाटलं. संहिताच नसते म्हटल्यावर ठेवणार काय, आख्यान ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या होतात, हे मान्य. पण म्हणूनच रेकॉर्डिंग जास्त हवं ना? आहेत त्या डीव्हीडींमध्ये आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा सुरुवातीचा भाग, कापून टाकलाय, म्हणजे त्यातला गमत्या संकासुरच गायब, आणि कॅमेरा सारखा राजाच्या मुकुटावर. पायपेटी (पायाने भाता मारायची पेटी) आणि पखवाज फ्रेममध्येच नाहीत, आणि कोणाला कधी आत आणायचं, युद्ध किती ताणायचं हे तिथूनच तर सांभाळलं जातं. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' म्हणतात, तो सकाळचा बोजा, पेटारे, घामाने उतरलेला रंग, यातलंही काहीच कुठे नाही. पिंगुळीच्या चित्रकथीचा, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट गाऊन सांगतात त्या कलेचा, छापील संच आहे, बरा आहे, पण पोथीतली चित्रं गाण्याशिवाय नुसती बघून निम्मीच कळतात.

कॅटलॉग अगदीच रडका. लेखकाच्या आडनावाने शोधता येतं, पदाच्या पहिल्या ओळीने नाही, आणि गाणाऱ्या माणसाला पदच आठवतं हो, लेखक नाही! काकांना विचारलं तर मिळतं, काका रजेवर असले की संपलं.

जुलै-ऑगस्टमध्ये ओल एवढी की डिह्युमिडिफायरची टाकी सारखी ओतावी लागते, आणि लाईट गेली की तोही बंद. गुडघेवाल्यांना जिना त्रासाचा आहे, पण चिपळूणच्या वाचन मंदिराचं 2005 आणि 2021 च्या पुरात पाणी शिरून काय झालं ते आठवलं की विभाग खाली आणा असं म्हणवत नाही.

जायचं असेल तर दिवाळीच्या आधी जा. नंतर जत्रा आणि उत्सव लागतात, सगळी मंडळं एकदम नकला शोधत येतात आणि टेबल दोनच आहेत. सौभद्राच्या वह्या सध्या तिथे बसून आम्हीच वापरतोय, कोणाला हव्या असतील तर शनिवार सोडून या, शनिवारी आम्ही असतो.