बायोडाट्यावरचा क्यूआर कोड : सात महिन्यांच्या वापरानंतर

चाकण, भोसरी आणि रांजणगावच्या कारखान्यांत जिग-फिक्स्चर (काम चालू असताना सुटा भाग जागच्या जागी पक्का धरणारी साधने) डिझायनरच्या जागांसाठी थेट मुलाखतीला जायचे, तर बायोडाट्याच्या छापील प्रती आजही लागतातच. फेब्रुवारीत मी स्वतः तयार केलेली मॉडेले आणि क्लॅम्पिंगचे, म्हणजे भाग आवळून धरण्याचे, दोन व्हिडिओ एका वेबपानावर ठेवले (जुन्या कंपनीचे काहीही नाही, हे मुद्दाम सांगतो), त्या पानाचा क्यूआर कोड उजव्या कोपऱ्यात घातला आणि जाड कागदावर ४० रंगीत प्रती काढल्या. एका प्रतीचे दहा रुपये पडले.

पंधराव्या दिवशी कोड बंद पडला, आणि तो बंद पडल्याचे मला भोसरीत, मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांच्या टेबलासमोर कळले. ज्या संकेतस्थळावर मी तो फुकट बनवला होता, ते ‘डायनॅमिक’ कोड देत होते. म्हणजे त्या चौकोनात माझ्या पानाचा पत्ता नव्हताच, त्यांचा स्वतःचा छोटा पत्ता होता आणि तेथून स्कॅन करणाऱ्याला माझ्याकडे वळवले जात होते. चौदा दिवसांची मुदत संपताच ते वळवणे थांबले. पुन्हा चालू करण्यासाठी वर्षाचे २,४०० रुपये एकरकमी मागण्यात आले. मुदतीची अट त्यांच्या नियमांत होती, पण कोड उतरवून घेण्याच्या बटणाजवळ नव्हती, एवढ्याच मुद्द्यावर मी चार ईमेल लिहिले आणि शेवटी वीस टक्के सवलतीचे आमिष पदरात पाडून घेतले. ते मी नाकारले.

माझा राग अजून उतरलेला नाही, कारण साध्या ‘स्टॅटिक’ कोडला मुदत नसतेच. पत्ता काळ्यापांढऱ्या चौकटींतच लिहिलेला असल्यामुळे मध्ये कोणाचा सर्व्हर लागत नाही. मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी हा कोड तयार केला, आणि पेटंट हाती असूनही कंपनीने तो सर्वांना मोफत वापरू दिला. ज्यांनी तो शोधला त्यांनीच भाडे घेतले नाही, तर ते मी या मधल्या दुकानदाराला का द्यावे?

उरलेल्या २७ प्रती फेकणे जिवावर आले. ए-फोर कागदावर ६५ लेबले असलेला स्टिकरचा ताव आणून त्यावर स्टॅटिक कोड छापला आणि प्रत्येक मेलेल्या कोडावर एकेक लेबल चिकटवले. माझा ३८ अक्षरांचा पत्ता मध्यम दुरुस्ती-पातळीवर (कोडाचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता यावा, यासाठीची सोय) २९ × २९ चौकटींत बसतो. चारही बाजूंना चार चौकटींइतकी कोरी जागा सोडूनही २१ मिलिमीटर उंचीच्या लेबलात तो नीट वाचला जातो. नाव, फोन, ईमेल आणि पत्ता असे सारे कोडातच भरण्याचा मोह आधी झाला होता. पण दीडशे अक्षरांना चौकटी ४९ × ४९ होतात आणि त्याच लेबलात एक चौकट जेमतेम ०.३७ मिलिमीटरची उरते. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की ती शेजारणीत मिसळते. एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी लेबल नखाने उचकटून खाली काय दडवले आहे ते पाहिले, ही या काटकसरीची किंमत.

एप्रिलपर्यंत माझे मत असे होते की हा सारा खटाटोप व्यर्थ आहे. नऊ मुलाखतींत दोघांनीच कोड स्कॅन केला, त्यांपैकी एकाने पैसे देण्याच्या ॲपने, आणि त्या ॲपने तो अर्थातच अवैध ठरवला. त्यानंतर मी कोडाखाली ‘फोनच्या कॅमेऱ्याने पाहावे’ अशी ओळ आणि पानाचा पूर्ण पत्ता हाताने लिहू लागलो. ऑनलाइन अर्जात मात्र कोड घालत नाही. तेथे नुसती लिंक पुरते.

मत बदलले ते मे महिन्यात, चाकणला. उत्पादन विभागाच्या व्यवस्थापकांनी दुसरा व्हिडिओ दोनदा पाहिला, भाग आवळणाऱ्या टॉगल क्लॅम्पचा हात उघडताना, भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या लोकेटिंग पिनला घासेल असे सांगितले, आणि पुढची वीस मिनिटे आम्ही तेवढ्याच पिनविषयी बोललो. चूक माझीच होती. नोकरी तेथेच लागली.

आता रोज सकाळी त्या कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षक माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतो. घरी ३८ लेबले शिल्लक आहेत.