रात्रीत उतरणारी बॅटरी: मीटर लावावा, फ्यूज तपासावे की वायरमन गाठावा?

सकाळी किल्ली फिरवली की नुसती टकटक, डॅशबोर्डवरचे दिवे मंद, सेल्फ काही फिरत नाही. धक्का मारून किंवा शेजारच्या गाडीला जंपर केबल लावून दिवस निघतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशा वेळी बरेच जण सरळ नवी बॅटरी बसवतात. दोष बॅटरीत नसून गाडीत असेल, तर ती नवी बॅटरीही रोज खोलवर उतरून लवकरच जुनीच्या पंगतीला जाते. म्हणून पैसे मोजण्याआधी एक रात्र तपासणीला द्याच, असं मी कळकळीने सांगेन. तपासायचे मार्ग बरेच आहेत. कोणता कुणासाठी, एवढाच प्रश्न आहे.

त्याआधी थोडा हिशेब. लहान पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे एक अँपिअर करंट साधारण ३५ तास पुरवेल एवढी बॅटरी असते. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर थोडा करंट घेतच असतात. तो ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक समजतात. २४ तासांत हा खर्च होतो १.२ अँपिअर-तास, म्हणजे चांगली बॅटरी आठवडाभर उभ्या गाडीतही सहज तग धरते. डिकीतला ५ वॅटचा दिवा चालू राहिला तर ०.४ अँपिअर, दहा तासांत ४ अँपिअर-तास. यानेही धडधाकट बॅटरी एका रात्रीत झोपत नाही. पार्किंग लाइट राहिले तर मात्र पुढचे-मागचे चार बल्ब आणि नंबरप्लेटचा एक मिळून २५ वॅट, म्हणजे दोन अँपिअरच्या वर. दहा तासांत निम्म्याहून जास्त बॅटरी गेली.

म्हणजे गाडी रोज एका रात्रीत बसत असेल, तर एक तर दोनेक अँपिअर खाणारं काहीतरी ठळक चालू राहतंय, किंवा बॅटरीतच जीव उरलेला नाही, किंवा ती मुळात पूर्ण चार्जच होत नाही. चार-पाच दिवस उभी राहिल्यावर बसत असेल, तर करंटची बारीक गळती शोधायची आहे. या दोन्हींसाठी एकच पद्धत सारखी उपयोगी नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रात्री बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवणं. बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज करा, दोन तास तशीच राहू द्या, व्होल्टेज लिहून ठेवा. १२.६ च्या आसपास यायला हवं. मग दहाच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवून बाजूला ठेवा. सकाळी व्होल्टेज तेवढंच आणि जोडल्यावर गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली, तर गळती गाडीत आहे. काहीही जोडलेलं नसताना १२.२ वर आलं, तर बॅटरीच गेली आहे आणि पुढची शोधाशोध करायचं कारण नाही. दोष कुठल्या वायरीत आहे हे यातून कळत नाही, पण निम्मा प्रश्न सुटतो. घड्याळ आणि काचांचं सेटिंग पुन्हा करावं लागेल. बिनकिल्लीची गाडी असेल तर निगेटिव्ह काढण्याआधी रिमोटमधली छोटी लोखंडी किल्ली बाहेर काढून जवळ ठेवा आणि डिकी बंद करू नका. काही गाड्यांची डिकी करंटशिवाय उघडत नाही.

बॅटरीच्या दुकानातला टेस्टर हेच उत्तर काही मिनिटांत देतो. फक्त तिथे चार्ज केलेली बॅटरी घेऊन जा. उतरलेली बॅटरी टेस्टरवर खराबच दिसणार, आणि समोरचा माणूस बॅटऱ्या विकायलाच बसलेला आहे. आकडे स्वतः बघा.

गळती गाडीतच आहे असं ठरलं की खरी निवड सुरू होते. जुना आणि सगळ्यात अचूक मार्ग म्हणजे मल्टिमीटर सिरीजमध्ये, म्हणजे करंटच्या वाटेतच लावणं: लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, मीटर सोडवलेली निगेटिव्ह केबल आणि बॅटरीच्या टोकामध्ये. बॉनेट उघडं ठेवावं लागतं, म्हणून त्याच्या आणि दाराच्या लॅचवर स्क्रूड्रायव्हरने खट्‌कन दाबून गाडीला सगळं बंद आहे असं भासवायचं. रिमोट लांब ठेवायचा. जोडल्या जोडल्या आकडा दोन-तीन अँपिअर दाखवतो, घाबरू नका. गाडीतले कंट्रोलर, म्हणजे छोटे इलेक्ट्रॉनिक मेंदू, एकेक करून झोपतात तसा आकडा पायरीपायरीने उतरतो: २.४, मग ०.८, मग ०.१५ आणि शेवटी ०.०३. याला दहा मिनिटंही लागतात, कधी पाऊण तास. शेवटी जो आकडा टिकतो तोच खरा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारला तर मीटर जळतो. स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाला बऱ्याचदा फ्यूजही नसतो, त्यामुळे इथे निष्काळजीपणा अजिबात नको.

टाँग टेस्टर, म्हणजे चिमट्यासारखा मीटर, या बाबतीत निवांत. केबल न सोडवता तिच्याभोवती नुसता अडकवायचा, चुकून सेल्फ मारला तरी काही बिघडत नाही. पण घरच्या वायरिंगसाठी घेतलेले बरेच टाँग टेस्टर फक्त एसी करंट मोजतात, बॅटरीचा डीसी नाही, म्हणून ते इथे निकामी. डीसीचे, १० मिलिअँपिअरइतका बारीक करंट दाखवणारे काही हजारांत जातात. एकाच गाडीसाठी मी तो घेणार नाही.

मग कोणत्या सर्किटमध्ये गळती आहे? पारंपरिक रीत म्हणजे एकेक फ्यूज उपटायचा आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या साध्या गाडीत हे उत्तम चालतं. आताच्या गाडीत फ्यूज काढला-बसवला की झोपलेला कंट्रोलर जागा होतो, आकडा उसळतो आणि पुन्हा पाऊण तास थांबा. म्हणून माझी पसंती दुसऱ्या रीतीला: फ्यूज जागेवरच राहू द्या, मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या धातूच्या टोकांना दोन्ही पिना लावा. करंट वाहत नसेल तर शून्य. १० अँपिअरच्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट दिसला, तर साधारण शंभर-दीडशे मिलिअँपिअर तिथून जातोय. काही शे रुपयांचा मीटरही २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर हे दाखवतो. यात काही सोडवावं लागत नाही, मीटरही जळत नाही. फक्त दाराचा लॅच दाबून गाडी झोपायची वाट बघण्याआधीच फ्यूज बॉक्सही उघडून ठेवा.

बाहेरून बसवलेल्या वस्तूंकडे मी सगळ्यांत आधी बघेन: म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, नंतर लावलेला सेंट्रल लॉक. त्यांची वायर इग्निशनऐवजी थेट बॅटरीच्या लाइनवर जोडलेली असेल, तर त्या रात्रभर खातात. ज्याने बसवलं त्याच्याकडे जाऊन वायर बदलून घ्या. कोकणात पावसाळ्यात बॅटरीच्या माथ्यावरची ओल आणि टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड आधी पुसून काढा, कारण तिथूनही करंट झिरपतो.

रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल, तर गळती शोधण्याआधी चार्जिंग बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. तेवढे असूनही इतक्या छोट्या फेरीत सेल्फने घेतलेलं भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा लांब चक्कर मारा किंवा चार्जर लावा.

सगळ्या फ्यूजवर शून्य आणि तरीही मीटरवर मोठा आकडा, अशी वेळ आली तर वायरमनकडेच जा. बहुधा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा, डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) गेलेला असतो. त्याची जाड वायर या छोट्या फ्यूजमधून जात नाही, म्हणून घरच्या तपासणीत तो सापडत नाही. वायरमनला आधीच सांगा की फ्यूज तपासून झालेत. तो अल्टरनेटरची वायर सोडवून आकडा पडतो का ते पहिल्यांदा बघेल आणि तुमचे मजुरीचे पैसे वाचतील.