मिरजेत पोरासाठी तंबोरी (लहान तंबोरा) करून घेतली, त्याचा अनुभव (मोठा आहे, चहा घेऊन बसा)

पहिलंच सांगते, दुकानाचं नाव टाकणार नाहीये. ती करून देणाऱ्या चाचांनीच हात जोडले, ताई नेटवर काय टाकू नका, आधीच्या ऑर्डरी उरकंनात म्हणाले. मिरजेत सतारमेकर गल्लीत जा, तिथं घराघरात हेच काम चालतं, दोन-तीन ठिकाणी बसून ऐका आणि मग ठरवा. मी फक्त आमचं काय झालं ते लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा असलं काहीच वाचायला मिळालं नव्हतं.

आम्ही सांगलीत विश्रामबागला. पोरगा ९ वर्षांचा, ऑटिझम आहे, साडेतीन वर्षांचा असताना कळलं. बोलतो पण आपल्यासारखं नाही, बरंचसं ऐकलेलंच परत म्हणतो, मिरज जंक्शनच्या सगळ्या अनाउन्समेंट पाठ आहेत, भूक लागली की यात्रीगण कृपया ध्यान दीजिए म्हणतो आणि आम्ही ताट वाढतो. आणि कान असा की काय सांगू. आमच्या घरासमोर डीपी (लाइटचा ट्रान्सफॉर्मर) आहे, त्याची घूं अशी गुणगुण कायम चालू असते, आम्हाला तर आता ती ऐकूच येत नाही. हा ६ वर्षांचा असताना एकदा खिडकीत उभा राहून म्हणाला, डीपी पांढरी पाच, जरा वर. पांढरी पाच म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सूर. नवरा महावितरणला आहे, त्यानं हसण्यावारी नेलं, मग रात्री कागद घेऊन बसला. लाइनची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, ट्रान्सफॉर्मर घुमतो त्याच्या दुप्पट म्हणजे १०० वर, आणि पांढरी पाच खालच्या सप्तकात येते ९८ ला. म्हणजे पांढरी पाच, जरा वर. नवरा अर्धा तास काही बोललाच नाही.

लगेच कुणी म्हणू नका की ऑटिझमची सगळी पोरं अशीच असतात. असा कान ऑटिझममध्ये इतरांपेक्षा जास्त सापडतो हे खरं आहे पण म्हणजे सगळ्यांना असतो असं नाही, आमच्या थेरपी सेंटरला १४ पोरं येतात, त्यात हा एकटाच असला. बाकीच्यांच्या आयांना नातेवाईक विचारत बसतात की तुमच्याला काय स्पेशल येतं, त्या बिचाऱ्या काय सांगणार. आणि कान आहे म्हणजे सुख आहे असंही नाही, मिक्सर लावायच्या आधी मला अजून सांगावं लागतं, आणि गणपतीत डीजे गल्लीत शिरला की कानावर कारखान्यात वापरतात तसले इअरमफ घालून हा बाथरूममध्ये बसतो, आतून कडी.

आधी पेटीच्या क्लासला घातलं होतं. कुठला ते सोडा. बाई चांगल्या होत्या, मारकुट्या वगैरे नाही, पण बाईंनी पेटीवर ग धरला की हा ओरडायचा, ग खोटा! दर वेळी. तिसऱ्या आठवड्यात बाकीच्या पालकांनी तक्रार केली, डिस्टर्ब होतं, आणि बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आधी शिस्त लावा मग आणा. मी घरी येऊन रडले आणि पोराला रागावले पण, ते मला आजही खुपतं. कारण नंतर कळलं की ग खोटाच असतो. पेटीचे सूर बारा सारख्या तुकड्यात कापलेले असतात, सगळ्या पट्ट्यांत वाजवता यावी म्हणून ती तडजोड आहे, त्यामुळे पेटीचा शुद्ध ग तानपुऱ्यातून (म्हणजे तंबोऱ्यातूनच) येणाऱ्या ग पेक्षा १४ सेंट चढा लागतो. दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये १०० सेंट धरतात, त्यातले १४. तुम्हा-आम्हाला काही फरक पडत नाही, याच्या अंगावर काटा येतो.

मग इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला, ऑनलाइन, साडेचार हजारचा. दोन दिवस खूश. तिसऱ्या दिवसापासून काय व्हायला लागलं की डबा लावला की थोड्या वेळानं हा दचकायचा, कान झाकायचा, परत ठीक, परत दचकायचा. आम्हाला काहीच ऐकू येईना. नवऱ्यानं मोबाईलवर रेकॉर्ड करून हेडफोन लावून ऐकलं तर दर २२ सेकंदांनी एक बारीक टिक, आतलं रेकॉर्डिंग संपून परत सुरू होतं तिथला सांधा. कंपनीला फोन केला तर मशीन ओके आहे मॅडम. दुसरं पीस मागितलं, त्यातही तेच. तो डबा आता माळ्यावर आहे, कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, खरंच.

तर मिरज. इतकी वर्षं सांगलीत राहून मी त्या गल्लीत कधी पाय ठेवला नव्हता, मिरज म्हणजे दवाखाने आणि रेल्वे एवढंच. २०२४ ला तिथल्या सतार-तानपुऱ्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा पेपरात वाचलेलं डोक्यात राहिलं होतं. जायच्या आधी आम्ही सहा फोटोंची एक पट्टी करतो, कुठंही नवीन ठिकाणी जाताना, काय काय दिसणार ते क्रमानं. स्कूटर, गल्ली, भोपळे, चाचा, तंबोरा, शेवटी भडंग. भडंगाशिवाय मिरजेत पाऊल पडणार नव्हतं. चाचांचा फोटो आदल्या दिवशी नवरा जाऊन काढून आला, त्यांनी कशाला म्हणून विचारलं सुद्धा नाही, टोपी नीट केली फक्त.

दुकान म्हणजे घराचीच बाहेरची खोली. वर आढ्याला भोपळे टांगलेले, हे खायचे नव्हेत, तंबोऱ्याच्या खालच्या गोल भागाचे, कडू, सोलापूर-पंढरपूरकडून येतात आणि वाळायलाच महिनोन्महिने लागतात. खाली लाकडाचा भुसा, कानस, डिंकाचं भांडं. हा दारातच थांबला. वीस मिनिटं. मी आपली, चल ना बाळा चल ना, तर चाचा म्हणाले राहू द्या ओ ताई, उभारू दे की. मग त्यांनी वर बघितलं, उठले आणि पंखा बंद केला. मे महिना! मी काही सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाले आम्ही पण सूर लावताना बंदच करतो, त्याचा आवाज मध्ये येतो.

एक तंबोरा मांडीवर घेऊन छेडत बसले, याच्याकडे न बघता. हा आत आला, सरळ जाऊन त्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला गाल लावला आणि डोळे मिटले. मग म्हणाला, ग.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तंबोऱ्याला चार तारा, एक पंचम (प), दोन जोडीच्या (सा) आणि एक खर्ज (खालचा सा), ग ची तार नसतेच. पण नीट लागलेला असेल तर खर्जाच्या तारेतून ग आपोआप ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार अख्खी थरथरते तशी तुकड्या-तुकड्यातही थरथरते, पाच भागातली जी थरथर तो हा ग, आणि तो पेटीसारखा चढा नसतो. गाणाऱ्यांना तो ऐकायला शिकावं लागतं म्हणे. मला तर आजही दहात दोनदा ऐकू येतो, बाकी वेळा मी मान डोलावते.

चाचांनी काही न बोलता दुसरा तंबोरा घेतला. हा म्हणाला, ग नाही. तिथं एक तरुण कारागीर बसला होता तो फिसकन हसला. मी घाईघाईनं सॉरी म्हणायला लागले, सवयच लागलीये ती, कुठंही गेलं की आधी सॉरी. चाचांनी हात वर करून मला गप्प केलं. तारा ज्याच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेच्या खाली सुताचा धागा असतो, तो नखानं केसभर पुढं सरकवला. छेडला. हा म्हणाला, ग. परत मागं सरकवला. ग नाही. परत पुढं. ग.

मग काय, भिंतीवरचे एकेक उतरायला लागले. ग. ग. ग नाही. ग. एक काळपट मोठा तंबोरा होता, पुण्याच्या गिऱ्हाईकाचा, दुसऱ्या दिवशी जायचा होता, त्याला हा म्हणाला ग नाही. चाचांनी सूत हलवून बघितलं, नाहीच. मग तारा सैल केल्या, घोडी काढली आणि कानस घेऊन जवारी परत घासायला बसले. जवारी म्हणजे घोडीच्या पाठीला दिलेला तो अगदी हलका उतार, तार त्याच्यावर टेकत-सुटत राहते म्हणून तो घुमार येतो. माझ्यासमोर पाऊण तास घासली. त्या हसणाऱ्या पोराला म्हणाले, हसतोस काय रे, तुला पाच वर्षं झाली, तुला आलं का ऐकू?

आमचा तोपर्यंत भुशात बसून भडंग खात होता.

ऑर्डर दिली तंबोरीची, म्हणजे लहान, मोठा तंबोरा त्याच्या हातात मावणार नाही. दोरीनं हाताची लांबी मोजली. मी सांगितलं की याला चिकट-चकचकीत स्पर्श चालत नाही, तर दांडीला पॉलिशचा हात कमी दिला. वेलबुट्टीची पट्टी पण नको म्हटलं, कारण कुठं कड दिसली की हा नखानं उचकटतो, तर ती काढून नुसता कोरलेला भोपळा दिला आणि त्याचे पैसे पण कमी केले. सूर काळी पाचचा. १४,००० तंबोरी, ८०० गिलाफ (कव्हर). यूपीआय चालतं, बिल हातानं लिहिलेलं.

आता तक्रारी. सांगितलं होतं गणपतीच्या आधी, मिळाली दिवाळीच्या आठवड्यात. नऊ फोन केले मी. प्रत्येक वेळी ‘झालीच ताई’. आमच्या पोराला कॅलेंडरवर खूण केलेली तारीख हलली की घर डोक्यावर घेतो, त्या तीन महिन्यांत खूण पाच वेळा खोडली, शेवटी मी कॅलेंडरच काढून ठेवलं. चाचांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले पावसात लाकूड ओल धरतं, घाई केली तर पुढं तडकतं. ते बरोबर असेल पण मग आधीच दिवाळी सांगायची ना! दुसरं, पॉलिशचा वास. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात, नवीन वाद्याला तो वास येतोच, याला तो सहन होईना, दहा दिवस गॅलरीत ठेवली आणि हा दारातून ऐकायचा. तिसरं, गल्लीत चारचाकी नेऊ नका, मागं घेताना मानेला लचक भरेल.

पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसतात आणि उन्हाळ्यात सैल होऊन सुटतात, ते सगळ्याच वाद्यांचं आहे, खुंटीला खडू लावायचा, चाचांनी फुकट शिकवलं. पोराला शिकवलं, मला नाही. आता सूर तोच लावतो, शाळेत जायच्या आधी वीस मिनिटं, आधी खुंटीनं आणि मग तारेतले मणी सरकवून. गातो का? नाही. नुसती छेडत बसतो. सासूबाई विचारतात गाणं कधी म्हणणार, मी म्हणते आई, त्याला ग भेटतो तेवढं बास आहे. मेल्टडाऊन (सहन न होऊन सुटणारा आकांत) थांबले का असं पण बऱ्याच जणी विचारतील. नाही थांबले. गेल्या महिन्यात शाळेच्या गॅदरिंगनंतर दीड तास चालला. तंबोरी औषध नाहीये, आणि असल्या गोष्टी औषध म्हणून विकणारे खूप आहेत, त्यांच्यापासून लांब राहा, थेरपी चालू ठेवा.

एकदा तार बदलायला गेलो तेव्हा चाचा पलुसकरांचं सांगत होते. विष्णु दिगंबर पलुसकर म्हणजे आपल्या कुरुंदवाडचे, जन्म १८७२ चा, लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले म्हणून इलाजाला मिरजेला आणलं आणि मग इथंच गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले, पुढं १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. मला हे माहीत होतं, शाळेत होतं, पण चाचा सांगत होते पोराला, आणि पोरगा ऐकतोय असं मला वाटत नव्हतं. घरी येताना स्कूटरवर मागून आवाज, फटाका, मिरज, गाणं. फटाका, मिरज, गाणं. पार विश्रामबाग येईपर्यंत.

जाणार असाल तर फोन करून जा, आमच्या चाचांचं शुक्रवारी दुपारी बंद असतं. पोराला सकाळी न्या, दुपारनंतर आसपास ठोकाठोक वाढते. इअरमफ बरोबर ठेवा. चाचा गाल ओढत नाहीत, नाव काय शाळा कुठली असलं विचारत नाहीत, पण शेजारचे विचारतात.

वाद्याला पाच पैकी पाच. वागणुकीला पाच. वेळेला दोन, ते पण मी चांगली आहे म्हणून. आणि गिलाफाला शून्य, ८०० रुपये घेऊन चेन पहिल्याच महिन्यात गेली, सांगलीत टेलरकडून ६० रुपयांत नवीन बसवली, ती अजून आहे.