वणीची धूळ आणि साडेपाचशेचा वॅक्सचा डबा

पैसे वसूल झाले का, ते आधीच सांगून टाकतो. झाले. पण दुकानदाराने ज्या कारणासाठी डबा गळ्यात मारला, त्या कारणासाठी नाही. तो म्हणे, "भाऊ, गाडी आरशासारखी दिसन." दिसते ना, पण आमच्याकडे आरसाच पुसून ठेवला तर संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. विदर्भातल्या आमच्या कोळशाच्या पट्ट्यात, वणी-घुग्घुस रस्त्यावर ज्याचं येणं-जाणं आहे त्याला वेगळं सांगायला नको. पुढे कोळशाचा ट्रक, त्याची ताडपत्री अर्धी उडालेली, आणि मागे आपण काचा वर करून.

गाडी मरून रंगाची डिझायर, सेकंडहँड घेतलेली. माझं कृषी केंद्र आहे, त्यामुळे गाडी दिवसभर दुकानासमोर उन्हात. चंद्रपूरच्या ॲक्सेसरीजच्या दुकानातून हा २०० ग्रॅमचा चपटा डबा आणला. आत पिवळसर पेस्ट, वर फोमचा एक गोल स्पंज. मेण कार्नौबाचं. ब्राझीलच्या ईशान्य भागात ताडाच्या जातीचं एक झाड असतं, त्याच्या पानांवर हे मेण येतं. कडक उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडानेच केलेली सोय. शुद्ध कार्नौबा ८२ ते ८६ अंशांना वितळतं. डब्यात ते शुद्ध नसतं, सॉल्व्हंट आणि दुसरी मेणंही असतात, म्हणून त्या आकड्यावर फार विसंबू नका.

कपाशीवर फवारताना औषध पानावरून ओघळून जाऊ नये म्हणून आम्ही पंपात स्टिकर टाकायला सांगतो, थेंब पानावर पसरतो. वॅक्सचं काम नेमकं उलटं. थेंब पसरूच द्यायचा नाही, गोळी होऊन घरंगळला पाहिजे. आणि आमच्यासाठी खरा फायदा असा की पाण्याबरोबर धूळही सुटते. पूर्वी दाराच्या खालच्या भागाचा काळा थर घासून काढावा लागायचा. आता पाइपाच्या धारेने बराचसा उतरतो, घासायचं काम निम्म्यावर आलं. माझ्या लेखी साडेपाचशे इथेच फिटले.

पण नुसता डबा आणून भागत नाही. आपल्याकडे गाडी पुसायची पद्धत म्हणजे डॅशबोर्डखालचं कोरडं फडकं काढायचं आणि रपरप फिरवायचं. कोळशाच्या आणि मुरमाच्या कणावरून कोरडं फडकं फिरवणं म्हणजे रंगावर पॉलिशपेपर मारणंच. विश्वास बसत नसेल तर रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर तिरपा धरून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतील. दुसरी पद्धत रॉकेल-डिझेलचं फडकं फिरवायची. स्टँडवरच्या गाड्या त्याने तासभर चकचकतात, मग त्याच तेलकटपणावर दुप्पट धूळ बसते. असेल ते वॅक्सही त्यात निघून जातं. कपड्याच्या पावडरीचंही तसंच, म्हणून कार शाम्पू वेगळा घ्यावाच लागतो.

पाण्याचं मात्र आमचं खास दुखणं आहे. या भागात जमिनीखाली चुनखडी, त्यामुळे बोअरचं पाणी जड. गाडी उन्हात धुतली की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरं कडं. मरून रंगावर तर ते लांबून दिसतं. उपाय घरचाच आहे: बोअरच्या पाण्याने धुवा, पण शेवटचं पाणी आरओच्या कॅनमधलं ओता आणि लगेच मायक्रोफायबरच्या मऊ फडक्याने टिपून घ्या. गावात आरओ प्लांट आहे, एक कॅन पुरते. शेजारचे काका बघून म्हणाले, "माणसाले प्याले भेटत नाही न हा गाडीले फिल्टरचं पाजून राहिला!" जुनी कडी असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडक्याने टेकवायचं, क्षार विरघळतो, मग साध्या पाण्याने धुऊन टाकायचं.

धुतल्यावर हात पातळ पिशवीत घालून बॉनेटवर फिरवा. नुसत्या बोटाला गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. ती रंगात रुतून बसलेली धूळ, शाम्पूने जात नाही. तिला क्ले बार, म्हणजे मऊ मातीची वडी लागते. शाम्पूचं पाणी शिंपडत हलक्या हाताने घासायची, दोन-तीन हात मारले की वडी राखाडी होते. मळून आतली स्वच्छ बाजू बाहेर घ्यायची. खाली पडली तर सरळ फेकून द्यायची, पैसे गेले म्हणून हळहळायचं नाही. एक खडा चिकटला तरी दारभर रेघ ओढेल.

दुकानदाराने सोबत रबिंग कंपाउंडची, म्हणजे रेघा घासून काढायच्या पेस्टची ट्यूबही बांधून दिली होती. ती मी सगळ्या गाडीला लावली नाही आणि तुम्हीही लावू नका. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसापेक्षाही बारीक. कंपाउंड रेघ भरत नाही, रेघेच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणतो. दर दिवाळीला कंपाउंड मारणाऱ्यांच्या छतावर मग पांढरे चट्टे पडतात, ते पेंट बूथमध्ये नवा रंग मारल्याशिवाय जात नाहीत. दाराच्या हँडलमागच्या नखांच्या रेघांपुरतं बोटभर वापरलं, तेवढं काम त्याने चांगलं केलं.

वॅक्स लावायला सावली हवी आणि पत्रा थंड हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पहाटेशिवाय नादच करू नका. तापलेल्या पत्र्यावर ते खडूसारखं सुकतं आणि पुसता पुसता खांदे निघतात. एका वेळी एकच भाग घ्यायचा, थर इतका पातळ की लावलंय की नाही अशी शंका यावी. धुरकट झालं की बोट फिरवून बघायचं, खाली स्वच्छ रंग दिसला तर पुसायला तयार. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना लागू देऊ नका, तिथे पांढरे डाग बसतात. माझ्या वायपरखालच्या जाळीत तो पांढरेपणा अजून थोडा आहे.

आता तक्रार. डब्यावर लिहिलंय सहा महिने. पावसाळ्यानंतर लावलेलं हिवाळाभर छान टिकलं, पण उन्हाळ्यात छतावरचं पाणी होळीनंतर थोड्याच दिवसांत गोळ्या व्हायचं थांबलं. बाजूच्या दारांवर त्यानंतरही बरंच राहिलं. म्हणजे वर्षातून तीनदा तरी लावायची तयारी असेल तरच घ्या. तेवढा वेळ नसेल तर सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी रसायनाचा लेप बरा. चमक जरा काचेसारखी कोरडी येते, पण उन्हात जास्त टिकतं. आणि कार्नौबा असो की सीलंट, ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या गिट्टीला आणि पांदणीतल्या बाभळीच्या काट्याला दोन्ही अडवत नाहीत. पाखराची शिट पडली तर वॅक्स आहे म्हणून दिवसभर तशीच ठेवू नका. ती आम्लधर्मी असते, तापल्या रंगात खड्डा पाडते. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून उचलायची, घासायची नाही.

सोबतचा स्पंज बेकार आहे, दुसऱ्याच वेळी कडा फाटल्या. वेगळा घ्या. आणि डबा डिक्कीत ठेवू नका, उन्हाळ्यात तेल सुटून पेस्ट पातळ होते. मी दुकानात बियाण्याच्या थंड खोलीत ठेवतो. तीनदा लावूनही अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे.